फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलमध्ये डेटा टाइप कसे ठरवावेत?

सातपुडा | शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण गेले दोन आठवडे मी एकाच जागी अडकलोय.

आमच्या गावातल्या वाचनालयात जुनी मासिकं आणि पोथ्या स्कॅन करायचं काम आम्ही चौघं मित्र दर रविवारी करतो. स्कॅन साठवायला एक ३२ बिटी जुना पीसी आहे, कुणीतरी वाचनालयाला दिलेला. त्यावर लिनक्स आहे आणि डिस्क धडधाकट आहे. वाचकांच्या टेबलावर नवा ६४ बिटी लॅपटॉप असतो. फाइलींची यादी दाखवणारा आणि हवी ती फाइल आणून देणारा छोटा प्रोग्राम मी स्वतः सी भाषेत लिहिलाय. नेटवर्कवरून फाइली वाटणारं तयार एनएफएस किंवा सांबा बसवता आलं असतं, कल्पना आहे. पण हे आतून कसं चालतं ते मला शिकायचंय, म्हणून स्वतःचा प्रोटोकॉल.

प्रत्येक फाइलमागे एक स्ट्रक्ट (सी भाषेतला घटकांचा गठ्ठा) जातं. त्यात तीन गोष्टी: फाइलचा प्रकार (३२ बिटी पूर्णांक), आकार (६४ बिटी पूर्णांक) आणि शेवटच्या बदलाची वेळ (लाँग). आधी सगळ्या फाइलींची स्ट्रक्ट, मग सगळी नावं. स्ट्रक्टचा पत्ता घ्यायचा, साइझऑफने त्याचे बाइट मोजायचे आणि तेवढे सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, लिहायचे. दोन्ही बाजूंना तीच हेडर फाइल आणि तोच कंपायलर.

दोन लॅपटॉपमध्ये हे वर्षभर बिनतक्रार चाललं. जुना पीसी आल्यापासून मात्र यादीतल्या पहिल्याच फाइलचा, तीन एमबीच्या स्कॅनचा, आकार सात एक्साबाइटच्या वर दिसतो. पुढच्या नोंदी तर वाचवत नाहीत. तीस फाइली असल्या तर वीस नोंदींनंतर पुढचं सगळंच भलतं येतं. दोन्ही मशीन इंटेलच्या आहेत, म्हणजे बाइटच्या क्रमाचा प्रश्न नसावा. मग चुकतंय कुठे? आणि मुळात अशा प्रोटोकॉलसाठी डेटा टाइप ठरवायची रीत काय आहे? जाणकारांनी कृपया लिहावं.

नीलमोहर | शनिवार, सकाळी १०:०२

तुमचा सात एक्साबाइटचा आकडा हातानेच काढून दाखवते, म्हणजे रोग कळेल.

३२ बिटी इंटेल लिनक्सवर स्ट्रक्टमधला ६४ बिटी पूर्णांक ४ बाइटच्या सीमेवर बसतो आणि लाँग ४ बाइटचा असतो. म्हणून पीसीवर तुमचं स्ट्रक्ट ४ + ८ + ४ = १६ बाइटचं आहे. ६४ बिटी लिनक्सवर तोच पूर्णांक ८ च्या सीमेवर हवा असतो, म्हणून कंपायलर प्रकारानंतर ४ बाइट मोकळे सोडतो, आणि लाँग ८ बाइटचा होतो. लॅपटॉपवर ४ + ४ + ८ + ८ = २४. तीस फाइलींचे पीसीकडून ४८० बाइट निघतात. लॅपटॉप ते २४ च्या घासाने खातो आणि वीस घासांत संपवतो, पुढे नावांचेच बाइट स्ट्रक्ट समजून वाचू लागतो.

आता आकार. लॅपटॉप तो आठव्या बाइटपासून वाचतो. पीसीने तिथे आकाराचा वरचा अर्धा भाग (म्हणजे शून्य) आणि त्याला लागून वेळ ठेवलेली आहे. परिणामी आकार दिसतो तो वेळ गुणिले २ चा ३२ वा घात. आजची वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत १७० कोटींच्या पुढे आहे. तिला सुमारे ४२९ कोटींनी गुणलं की ७.३ वर अठरा शून्यांच्या घरात जातो. तुमचे सात एक्साबाइट ते हेच. फाइलची तारीख आकाराच्या जागी जाऊन बसली आहे.

मुंगीचं वारूळ | शनिवार, सकाळी १०:३१

स्ट्रक्टला पॅक्ड लावा (म्हणजे कंपायलर मध्ये फटी सोडणार नाही), लाँग काढून ६४ बिटी ठरावीक रुंदीचा टाइप घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

जुना नांगर | शनिवार, दुपारी १२:४५

मुंगीचं वारूळ यांनी सुचवलेल्या उपायाने आजचा घोळ मिटेल हे खरं. पण सातपुडा यांनी दुसरा प्रश्न विचारलाय, रीत काय आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. मी बरीच वर्षं फाइल सर्व्हरवर काम केलंय, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ च्या सुमारास एनएफएस बाहेर आणलं तेव्हा अडचण हीच होती, फक्त आणखी बिकट. सनच्या स्वतःच्या मशीनमध्ये मोटोरोलाचा ६८००० घराण्यातला प्रोसेसर, म्हणजे संख्येतला मोठ्या किमतीचा बाइट आधी. व्हॅक्स आणि पीसीवर लहान बाइट आधी. क्रे सुपरकॉम्प्युटरवर तर सगळं ८ बाइटच्या हिशोबात. एकाच डिस्कवरच्या फाइली या सगळ्यांना दिसायला हव्या होत्या. त्यांनी ‘माझं स्ट्रक्ट तुझ्या स्ट्रक्टशी कसं जुळवू’ हा प्रश्नच बाजूला ठेवला आणि वायरवरचे, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या बाइटांचे, टाइप वेगळे, कुठल्याही मशीनचे नसलेले, असे ठरवले. त्या भाषेचं नाव एक्सडीआर. १९८७ च्या आरएफसी १०१४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचे क्रमांक दिलेले जाहीर दस्तऐवज) ती छापली गेली, १९९५ मध्ये आरएफसी १८३२ आली आणि २००६ पासून आरएफसी ४५०६ चालू आहे.

नियम मोजके आहेत. प्रत्येक गोष्ट ४ बाइटच्या पटीत. मोठा बाइट आधी. पूर्णांक ३२ बिटी, चिन्हासह किंवा चिन्हाविना. ६४ बिटीला ते हायपर म्हणतात. ईनम (ठरलेल्या पर्यायांपैकी एक) आणि बूल (खरं की खोटं) सुद्धा ४ बाइटच. अक्षरमाळ म्हणजे आधी ४ बाइटची लांबी, मग तेवढे बाइट, मग चारची पट पुरी करायला शून्यं. ‘आत काय आहे ते विचारू नका’ अशा बाइटसाठी ओपेक, ठरावीक लांबीचा किंवा कमाल मर्यादा घातलेला. ॲरेचं तसंच. स्ट्रक्ट म्हणजे एकामागून एक घटक, मध्ये कंपायलरच्या मर्जीची एकही फट नाही. आणि माझ्या दृष्टीने यातलं सगळ्यात मौल्यवान रत्न म्हणजे डिस्क्रिमिनेटेड युनियन: आधी खूण, त्या खुणेप्रमाणे पुढचा मजकूर.

तुमच्या हेडरमधलं ‘लाँग’ हे तुमच्या कंपायलरचं तुमच्याशी बोलणं आहे. दुसऱ्या मशीनला ते ऐकू जात नाही. वायरवरच्या प्रत्येक घटकाची रुंदी, क्रम, चिन्ह आणि कमाल मर्यादा कागदावर लिहायची, आणि मशीनने आपापल्या स्ट्रक्टमधून त्यात भाषांतर करायचं. पॅक्ड स्ट्रक्टमध्ये नेमका तो कागद गायब असतो.

सातपुडा | शनिवार, दुपारी १:२०

नीलमोहर, तुमचा हिशोब वहीत करून पाहिला, तंतोतंत जुळला. मनापासून आभार!

काका, एक शंका. हो की नाही सांगायला ४ बाइट म्हणजे उधळपट्टी नाही का? एक बिट पुरतो.

जुना नांगर | शनिवार, दुपारी २:०५

शंका योग्य आहे, आणि एक्सडीआरच्या आरएफसीतच तिचं उत्तर आहे. चार ही संख्या बहुतेक मशीनना सोयीची पडण्याइतकी मोठी आणि फार वाया न जाण्याइतकी लहान. पाकिटातला प्रत्येक घटक ४ च्या सीमेवर आला की प्रोसेसरला तो एका दमात उचलता येतो.

दुसरी बाजू प्रमाणाची. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत फाइलची सगळी माहिती, म्हणजे प्रकार, परवानग्या, मालक, गट, आकार, तीन वेळा वगैरे, मिळून १७ घटक होते. १७ चोक ६८ बाइट. त्याच आवृत्तीत एका वाचनात ८१९२ बाइटपर्यंत मजकूर यायचा. त्यापुढे बूलचे तीन बाइट वाचवून काय मिळणार? वाचवायचं तिथे वाचवावं, आणि नेमकं वाचवू नये तिथे एनएफएसने हात आखडला. त्यावर संध्याकाळी लिहितो.

घाटवाट | शनिवार, दुपारी ३:३०

वाचतोय. जेसन (डेटा साध्या मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) का नको हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो. मजकूर असल्यामुळे रुंदीची कटकटच नाही.

नीलमोहर | शनिवार, दुपारी ४:११

यादीसाठी चालेल. पण जेसनमध्येही टाइप ठरवावे लागतातच, फक्त ते न लिहिता राहून जातात. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या दुप्पट अचूकतेची फ्लोटिंग पॉइंट असते, २ च्या ५३ व्या घातापुढे तिला लागून असलेले दोन पूर्णांक वेगळे ओळखता येत नाहीत. फाइल सिस्टिमचा ६४ बिटी आयनोड क्रमांक (फाइलची आतली ओळख) त्यातून गेला की शेवटचे अंक बदलू शकतात, आणि दोन वेगळ्या फाइली एकच वाटू शकतात. शिवाय स्कॅनचे कच्चे बाइट मजकुरात बसवायला बेस ६४ मध्ये घातले की एक तृतीयांशाने फुगतात.

जुना नांगर | शनिवार, संध्याकाळी ७:५०

कबूल केल्याप्रमाणे. एनएफएसच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीतले टाइप शेजारी ठेवून वाचले तर प्रत्येक बदलामागची ठेच दिसते. ज्याला प्रोटोकॉल शिकायचाय त्याने हा अभ्यास जरूर करावा.

दुसऱ्या आवृत्तीत (आरएफसी १०९४, मार्च १९८९) आकार आणि ऑफसेट (फाइलमध्ये कुठून वाचायचं ती जागा) ३२ बिटी. म्हणजे कागदावर ४ जीबीची मर्यादा, आणि बऱ्याच क्लायंटनी ती संख्या चिन्हासह धरल्यामुळे प्रत्यक्षात २ जीबी. तेव्हाच्या डिस्क पाहता कुणाला खुपलं नाही. तिसऱ्या आवृत्तीत (आरएफसी १८१३, जून १९९५) आकार, ऑफसेट, फाइल क्रमांक, डिरेक्टरीतली कुकी (यादी कुठवर वाचली त्याची खूण) सगळं ६४ बिटी झालं. फाइलची माहिती ६८ वरून ८४ बाइटवर गेली. फक्त १६ बाइटची वाढ! त्या १६ बाइटसाठी नवी आवृत्ती काढावी लागली, कारण वायरवरचा टाइप एकदा जगात गेला की जागच्या जागी रुंद करता येत नाही.

दुसरी ठेच मला अजून मोठी वाटते. फाइलचे गुणधर्म बदलायची विनंती घ्या. क्लायंटला फक्त परवानग्या बदलायच्या आहेत, आकार आणि वेळ तशीच ठेवायची आहे. ‘हे तसंच ठेव’ हे सांगायचं कसं? दुसऱ्या आवृत्तीत त्या घटकात उणे एक घालायचं. पण घटक चिन्हाविना ३२ बिटी! म्हणजे ४२९४९६७२९५ ही संख्या ‘बदलू नको’ या अर्थासाठी राखून ठेवलेली. आणि ‘वेळ सर्व्हरच्या घड्याळाची लाव’ हे सांगायला तर जागाच नव्हती. मग सनने संकेत काढला की मायक्रोसेकंदाच्या जागी १०,००,००० घालायचे. सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद असतात, म्हणून तिथे ९,९९,९९९ च्या पुढचा आकडा येऊच शकत नाही. त्या अशक्य आकड्यालाच अर्थ दिला. हा संकेत आरएफसीत नव्हता, तरी लिनक्सच्या क्लायंटलाही तो पाळावा लागला, नाहीतर फाइलची वेळ आत्ताची करणारी टच ही साधी आज्ञा सनच्याच सोलॅरिसच्या सर्व्हरवर परवानगीच्या तपासणीत अडायची.

तिसऱ्या आवृत्तीत हे युनियनने सोडवलं. प्रत्येक गुणधर्मापुढे खूण: खूण खोटी असेल तर पुढे काहीच नाही, खरी असेल तर पुढे मूल्य. वेळेसाठी तर तीन खुणांचा ईनम: ० म्हणजे बदलू नको, १ म्हणजे सर्व्हरची वेळ लाव, २ म्हणजे मी देतो ती लाव. अर्थ संख्येच्या पोटात लपवायची गरजच उरली नाही. सातपुडा, तुमच्या प्रोटोकॉलमध्ये कुठे ‘शून्य म्हणजे नाही’ किंवा ‘उणे एक म्हणजे माहीत नाही’ असं लिहिलं असेल तर ते आजच काढा. त्या चार बाइटच्या खुणेवर कंजुषी करू नका.

चांदणवेल | रविवार, सकाळी ८:४०

धागा फार छान चाललाय. मी फाइलींच्या नावांबद्दल लिहिते, कारण वाचनालयाच्या स्कॅनची नावं मराठीत असणार आणि तिथे आपल्या लिपीचा स्वतःचा पेच आहे.

आधी लांबी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) ३ बाइट घेतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून १० कोडपॉइंट आहेत, म्हणजे ३० बाइट. एक्सडीआरमध्ये तो ४ बाइट लांबी, ३० बाइट मजकूर आणि २ शून्यं असा ३६ बाइटचा होईल. लांबीच्या घटकात ३० च लिहायचे, ३२ नाही. पॅडिंग लांबीत मोजायचं नाही, ही चूक मी स्वतः केलेली आहे. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत नावाची मर्यादा २५५ बाइट होती. तिसऱ्याने टाइपमधली मर्यादा काढून टाकली आणि ‘तुझ्याकडे नाव किती लांब चालतं’ हे सर्व्हरला विचारायची सोय केली. पण खाली ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम असेल तर २५५ बाइट तिथे आहेतच, म्हणजे देवनागरीचे ८५ कोडपॉइंट. ‘दिवाळी अंक’, मासिकाचं नाव, साल, संपादक, पान क्रमांक असं सगळं फाइलच्या नावात कोंबायची सवय असेल तर ८५ लवकर संपतात.

आता खरी गोम. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून आहे. तेव्हा शब्द होतो द, ऱ, हलन्त, य, काना: ५ कोडपॉइंट, १५ बाइट. पण तोच ऱ म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता, असंही लिहिता येतं आणि युनिकोड या दोघांना समान मानतं. तसं लिहिलं की १८ बाइट. तिसरी जुनी पद्धत: र, हलन्त, अदृश्य जोडक, य. तेही १८ बाइट, पण वेगळे, आणि ते सामान्यीकरणातही (समान रूपं एकसारखी करून घेण्यातही) पहिल्या दोघांशी एक होत नाही. पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’. वायरवर तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या फाइली!

हे कागदी उदाहरण नाही. मी एका संस्थेत ग्रंथसूचीचं काम करत होते, तिथे एकाच कवितासंग्रहाच्या दोन फाइली यादीत एकाखाली एक दिसायच्या, नावात काडीचाही फरक नाही. एक जुन्या मॅकवरून आलेली होती. मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवायची, ऱ चा र आणि नुक्ता. शोधात एक सापडायची, दुसरी नाही.

म्हणून ‘नाव = अक्षरमाळ’ इतकं लिहून टाइप पुरा होत नाही. ती बाइटची माळ आहे की युनिकोडची, सामान्य रूप कुठलं, ते कोण करणार आणि तुलना कशी करणार, हेही टाइपचाच भाग आहे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने नावं यूटीएफ-८ असतील असं ठरवलं. २००३ च्या आरएफसी ३५३० मध्ये नावं आधी ठरावीक पद्धतीने तयार करून घ्यायचे कडक नियमही होते. प्रत्यक्षात ते फारसे कुणी पाळले नाहीत आणि २०१५ च्या आरएफसी ७५३० मध्ये तो भाग नव्याने, सैल करून लिहावा लागला.

सातपुडा | रविवार, सकाळी ९:१५

चांदणवेल, हे वाचून लगेच वाचनालयात जाऊन पाहिलं. ‘वाऱ्यावरची’ या शब्दाने सुरू होणाऱ्या सहा फाइली आहेत, त्यातल्या दोन शोधात येत नाहीत. आम्ही त्या दोन हरवल्या असं समजून पुन्हा स्कॅन केल्या होत्या. नाव सर्व्हरवर लिहितानाच एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं सामान्य रूप) करायचं ठरवलं तर चालेल ना? आणि अदृश्य जोडकाचं काय करू?

चांदणवेल | रविवार, सकाळी ९:४८

सर्व्हरवर एनएफसी करा, त्याने र आणि नुक्ता एक होऊन ऱ होईल. अदृश्य जोडक मात्र सरसकट काढू नका, इतर ठिकाणी तो लिहिणाऱ्याने मुद्दाम घातलेला असू शकतो. ‘र, हलन्त, जोडक’ हा क्रम आला तरच त्याचं ‘ऱ, हलन्त’ करा. आणि हा नियम प्रोटोकॉलच्या कागदावर नावाच्या टाइपखालीच लिहा, कोडमधल्या टिपेत नको.

घाटवाट | रविवार, सकाळी ११:००

सुरक्षेच्या बाजूने एक. वर मर्यादा घातलेल्या ॲरेचा उल्लेख आला. ती मर्यादा शोभेची नसते.

समजा दुसऱ्या बाजूने सांगितलं की पुढे १०७३७४१८२५ घटक येताहेत, प्रत्येकी ४ बाइटचे. ३२ बिटी गणितात गुणाकार केला की उत्तर ४ येतं, वरचा भाग गळून पडतो. प्रोग्राम ४ बाइटची जागा घेतो आणि त्यात शंभर कोटी घटक भरायला सुरुवात करतो. २००२ साली सनच्या आरपीसी (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावण्याच्या) लायब्ररीतल्या ॲरे उलगडणाऱ्या फंक्शनमध्ये नेमकी हीच चूक उघड झाली. तो कोड इतक्या ठिकाणी पोचलेला होता की बीएसडीवरून आलेल्या प्रणाली आणि लिनक्सची सी लायब्ररी ग्लिबसी, यांनाही दुरुस्ती काढावी लागली. टाइप लिहितानाच कमाल संख्या लिहिली आणि उलगडताना आधी ती तपासली, तर गुणाकारापर्यंत वेळच येत नाही.

मुंगीचं वारूळ | रविवार, सकाळी ११:२६

माझा कालचा प्रतिसाद घाईचा होता हे मान्य. मर्यादेवरून आठवलं, उलट बाजूचा अनुभव सांगतो. एका ठिकाणी मी काम करत असताना नव्या मुलीला प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाता येईना. परवानग्या बरोबर, गट बरोबर, लॉगिन करून सर्व्हरवर पाहिलं तर सगळं उघडतंय, आपल्या मशीनवरून नाही. दोन दिवस आम्ही तिलाच विचारत राहिलो की तू काय केलंस.

ती २१ गटांत होती. आरपीसीच्या जुन्या ओळखपत्रात गटांचा ॲरे कमाल १६ चा आहे. सतराव्या गटापासून पुढचे वायरवर जातच नाहीत, आणि आमच्या प्रकल्पाचा गट होता विसावा. कुठेही चूक म्हणून संदेश नाही, फक्त परवानगी नाकारली. पुढे सर्व्हरला गट स्वतः शोधायला सांगितलं तेव्हा सुटलं. त्या १६ च्या आकड्याने एका मुलीचे नोकरीतले पहिले दोन दिवस घेतले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जुना नांगर | रविवार, दुपारी १:३०

वारूळ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मर्यादा हवी, पण ती ओलांडल्यावर स्पष्ट चूक परत गेली पाहिजे. निमूटपणे कापून पाठवणं सगळ्यात वाईट.

आता फाइल हँडल. सातपुडा, तुम्ही फाइल मागताना पूर्ण पाथ पाठवता का? एनएफएसमध्ये सर्व्हर प्रत्येक फाइलला एक हँडल देतो आणि क्लायंट तेच परत दाखवतो. टाइप ओपेक. दुसऱ्या आवृत्तीत बरोबर ३२ बाइट, तिसऱ्यात ६४ पर्यंत, चौथ्यात १२८ पर्यंत. आत काय आहे, ते क्लायंटने उघडून पाहायचं नाही. वाण्याकडच्या चिठ्ठीसारखं आहे: आपण फक्त जपून ठेवायची आणि दाखवायची, खुणा त्याच्या त्याला कळतात. यामुळे सर्व्हरला आतली रचना उद्या बदलता येते. फाइलचं नाव बदललं तरी हँडल चालू राहतं. तुमच्या प्रोटोकॉलला हा एक टाइप घालाच.

सातपुडा | रविवार, दुपारी २:१०

पाथच पाठवतो. हँडल घालतो. वेळेबद्दल एक विचारायचं होतं. आमच्या काही मित्रांची कल्पना अशी की फाइलच्या बदलाच्या वेळेतच मासिकाचं छापल्याचं साल ठेवावं, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागेल. बरेचसे अंक १९३० ते १९५५ चे आहेत.

नीलमोहर | रविवार, दुपारी ३:००

ते करू नका, आणि कारण टाइपमध्येच आहे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत वेळ म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, चिन्हाविना ३२ बिटी, आणि जोडीला नॅनोसेकंद. चिन्ह नाही म्हणजे १९७० च्या आधीची वेळ सांगताच येत नाही. १९३५ चा अंक २०७१ चा होऊन बसेल. पुढची हद्द फेब्रुवारी २१०६. जिथे सेकंद चिन्हासह ३२ बिटी धरले जातात तिथे हद्द आणखी जवळ: १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. तुमचा जुना पीसी त्यातच मोडत असेल. चौथ्या आवृत्तीत सेकंद चिन्हासह ६४ बिटी केलेत, तेच घ्या.

आणि छापल्याचं साल हा वेगळा घटक करा, युनियनमध्ये: माहीत आहे, अंदाजे आहे, माहीत नाही. जुन्या अंकांची पहिली पानं फाटलेली असतात, तुम्हाला ‘अंदाजे’ लागणारच.

मोरपंखी | रविवार, संध्याकाळी ५:२०

मी विंडोजच्या बाजूला काम करते, तुलना म्हणून लिहिते. विंडोजच्या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल एसएमबी, त्यात सगळं उलट आहे: लहान बाइट आधी, नावं यूटीएफ-१६ मध्ये (म्हणजे ‘महाराष्ट्र’ २० बाइटांत बसतो) आणि वेळ १ जानेवारी १६०१ पासून, शंभर नॅनोसेकंदांच्या एककात, ६४ बिटी. दोन्ही जगांत ११६४४४७३६०० सेकंदांचं अंतर आहे, सांबा सतत हे भाषांतर करत असतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रोटोकॉलांसाठी सामायिक डेटा टाइपचा एक स्वतंत्र दस्तऐवजच ठेवलाय, बाकीचे सगळे त्याकडे बोट दाखवतात. कुठला क्रम निवडला याने फार बिघडत नाही. एका जागी लिहून ठेवलाय याने फरक पडतो.

सातपुडा | रविवार, रात्री ९:३५

दिवसभर बसून कागद तयार केला. सगळं मोठा बाइट आधी, ४ च्या पटीत.

हँडल: ओपेक, कमाल ६४ बाइट.
नाव: अक्षरमाळ, यूटीएफ-८, कमाल २५५ बाइट, एनएफसी, ‘र हलन्त जोडक’ चं ‘ऱ हलन्त’. जास्त लांब असेल तर ‘नाव लांब आहे’ ही चूक परत, कापायचं नाही.
प्रकार: ईनम. १ फाइल, २ फोल्डर.
आकार: हायपर, चिन्हाविना.
वेळ: सेकंद हायपर, चिन्हासह. नॅनोसेकंद पूर्णांक, चिन्हाविना, ९९,९९,९९,९९९ च्या वर आला तर चूक.
छापल्याचं साल: युनियन. ० माहीत नाही, १ नक्की, २ अंदाजे (पासून, पर्यंत).
यादी: नोंदींचा ॲरे, कमाल ५००.

साइझऑफ एकाही ठिकाणी नाही. प्रत्येक टाइपला लिहिणारं एक आणि वाचणारं एक फंक्शन.

जुना नांगर | रविवार, रात्री १०:१२

उत्तम. एकच दुरुस्ती. ५०१ वी फाइल आली की काय कराल? एनएफएसची यादी ॲरे नसते, साखळी असते. प्रत्येक नोंदीआधी बूल: ‘पुढे नोंद आहे’. संपली की खोटं, आणि मग आणखी एक बूल: ‘फोल्डर संपलं’. पहिलं खोटं आणि दुसरंही खोटं, तर क्लायंटने शेवटच्या नोंदीची कुकी देऊन पुढचा हप्ता मागायचा. दोन बूलचे अर्थ वेगळे आहेत, एकात कोंबू नका. कुकी ६४ बिटी ठेवा. आणि हे सगळं हाताने लिहायच्या आधी आरपीसीजेन एकदा चालवून बघा, डॉट एक्स फाइलमधल्या व्याख्येवरून वाचणारी-लिहिणारी फंक्शन तो स्वतः तयार करतो. तुमच्या फंक्शनशी ताडून बघायला उपयोगी पडेल.

सातपुडा | पुढचा रविवार, दुपारी १२:०५

आज वाचनालयात दोन्ही मशीन लावल्या. पाचशे बारा फाइलींची यादी दोन हप्त्यांत आली, आकार बरोबर, तारखा बरोबर. ‘वाऱ्यावरची’ टाइप केलं तर सहाच्या सहा फाइली आल्या. आरपीसीजेनच्या फंक्शनने बांधलेलं पाकीट आणि माझं पाकीट बाइट बाइट ताडून पाहिलं. एका ठिकाणी फरक निघाला: नावाच्या शेवटच्या पॅडिंगमध्ये माझ्याकडून शून्याऐवजी मेमरीतला जुना कचरा जात होता. तो दुरुस्त केला.

आता लिहायची बाजू सुरू करतोय, टेबलावरूनच अंकाचं साल दुरुस्त करता यावं म्हणून. काका, दोघांनी एकाच वेळी एकाच अंकाचं साल बदललं तर काय, त्यासाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?

जुना नांगर | पुढचा रविवार, दुपारी १२:४०

नवा काढा. तिथे चेंज अ‍ॅट्रिब्यूट या टाइपबद्दल बोलू. चौथ्या आवृत्तीतला ६४ बिटी आकडा आहे, फाइल बदलली की बदलतो. त्याला बरीच जागा लागेल.